सी

किसुमूचं कॉलेज, दुसरं वर्ष, चौथा तास.
मी फळ्यावर लिहितो: डीपी बाय डीटी बरोबर केपी.
सरोवराची दमट हवा इथवर येते,
खडू ओला, के दोनदा गिरवावा लागतो.

म्हणजे काय, ओबुरा?
म्हणजे, मवालिमू, जितके आहेत
तितक्या जोरानं वाढणार.
बस खाली. बरोबर.

उदाहरण खिडकीतच आहे,
मला शोधून आणावं लागत नाही.
जलपर्णी: बारा दिवसांत दुप्पट.
माझा पगार होईस्तोवर साडेपाच पट.
(पगार तेवढाच.)

आता चलपदं वेगळी करा.
पी सगळे इकडे, टी सगळे तिकडे.
हे त्यांना शिकवावं लागत नाही,
त्यांच्या आया पहाटे डुंगाच्या धक्क्यावर
न्गेगे एका टोपलीत, ओमेना दुसऱ्या टोपलीत
न बघता निवडतात.
निवडायच्या, म्हणायला हवं.
गेल्या मंगळवारपासून एकही बोट सुटलेली नाही.

मग संकलन. ते लांब मानेचं चिन्ह
दोन्ही बाजूंना बगळ्यासारखं उभं राहतं.
डावीकडे लॉग पी, उजवीकडे केटी, आणि?
काय विसरलात?
सगळे एकदम: सी!
एकवीस वर्षं मी या सीसाठी एकेक मार्क कापत आलोय.

तेवढ्यात अपोंडी येते, गुडघ्यापर्यंत चिखल.
बापाची बोट ढकलत होती.
वल्हं हिरव्यात रुततं, म्हणते,
उपसलं की मुळांचा काळा झुबका वर येतो.
बसते. फळा खालून वर वाचते.
मवालिमू, हा सी कोण?

काय, मी सुधारतो. सी काय.

नाही, कोण.
समीकरण सांगतं किती वेगानं.
पहिलं रोप आणलं कोणी, ते कुठे लिहायचं?

तेच तर, मी म्हणतो, शून्य वेळेला किती होते
तो सी. तो बाहेरून द्यावा लागतो.
समीकरणाला आठवण नसते.

कोणी हसलं नाही.
मी उगाच डस्टर झटकला.

मी नऊ वर्षांचा होतो.
कापडगिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यामागं एक हौद,
हौदात जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर
मोरपिसाचा असतो तसा पिवळा डोळा.
अचोला तापानं पडून होती. तिच्यासाठी एक चोरलं,
मुळासकट, चरबीच्या रिकाम्या डब्यात.
पंधरवड्यात दोन झाली, महिन्यात पाच.
अचोलाचा ताप उतरला, तिला कंटाळा आला.
आई म्हणाली, डास होतात, टाकून ये.
मी ओढ्यात टाकून आलो.
ओढा कुठे जातो हे
तिथल्या शेळ्यांनाही माहीत होतं.

जाणकार म्हणतात, वरच्या नद्यांतून आली.
खरंच असेल. मी आकडेमोडही केली आहे,
एकदा नाही, बऱ्याच रात्री.
सुरुवात एका रोपानं होवो की हजारांनी,
फरक पडतो फक्त चार महिन्यांचा.
वरून हजार आली असतील, तर माझी पाच म्हणजे
दोन तास. फार तर दोन तास
मी हे सरोवर लवकर झाकलं.
उत्तर बरोबर आहे. ताळा करून पाहिला.

तास संपला.
अपोंडीच्या वहीत सीच्या पुढे
तिनं मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.
मार्क कापावा की नाही, ठरेना.
वही पिशवीत टाकली,
पँट दुमडली,
आणि तिच्या बापाच्या बोटीकडे गेलो,
दोन तास उपसायला.